डिस्प्ले सर्व्हरची कनेक्शन्स संपली, आता रिमोट ग्राफिक्सचं काय करायचं? पायरीपायरीने

नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या डिझाइन ऑफिसांत एक मांडणी आता रुळली आहे. एक दणकट लिनक्स सर्व्हर, त्यात एक चांगलं ग्राफिक्स कार्ड, आणि दहा-पंधरा जण आपापल्या टेबलावरून किंवा इंदिरानगर-सिडकोतल्या घरून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करतात. एरवी छान चालतं. मग एका सकाळी कुणाचं तरी मॉडेल उघडत नाही. टर्मिनलवर ‘मॅक्सिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड’ अशी ओळ येते, आणि जो जवळ असेल तो सर्व्हर रिस्टार्ट करून टाकतो. सगळं सुरू होतं. दोन दिवसांनी परत तेच.

हा लेख त्या ‘परत तेच’साठी आहे. यात अडकलेली बहुतेक मंडळी एकाच जागी चुकतात: इंटरनेटवर मर्यादा वाढवायची ओळ सापडते आणि तिथूनच सुरुवात होते. मर्यादा वाढवणं ही खाली शेवटून दुसरी पायरी आहे, आणि बऱ्याचदा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. मी ‘मोठं अक्षर’ असं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान.

## हात लावण्याआधी डोक्यात स्पष्ट हवं ते

एक्स सर्व्हर, म्हणजे खिडक्या रंगवणारा डिस्प्ले सर्व्हर, एका वेळी ठरावीक प्रोग्रॅमनाच जोडून घेतो. एक्स-ऑर्ग या लिनक्सवरच्या नेहमीच्या एक्स सर्व्हरमध्ये हा आकडा मुळात २५६ असतो. त्यातली एक जागा सर्व्हर स्वतःसाठी धरतो, म्हणून तुमच्या हातात २५५ उरतात. इथे ‘क्लायंट’ म्हणजे माणूस नाही आणि खिडकीही नाही. क्लायंट म्हणजे सर्व्हरशी उघडलेलं एक कनेक्शन. एका प्रोग्रॅमच्या दहा खिडक्या एकाच कनेक्शनवर चालू शकतात, आणि एखादा प्रोग्रॅम एकही खिडकी न दाखवता तीन कनेक्शन्स धरून बसू शकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिमोट डेस्कटॉपसाठी टायगर-व्हीएनसी किंवा टर्बो-व्हीएनसी वापरत असाल, तर प्रत्येकाचं सेशन हा स्वतंत्र डिस्प्ले सर्व्हर असतो. नऊ जण असतील तर नऊ सर्व्हर, आणि प्रत्येकाची २५६ ची मर्यादा वेगळी. मग नऊ जणांत मर्यादा भरते कशी? कारण त्रिमितीय काम व्हर्च्युअल-जीएलमधून (रिमोट सेशनमधल्या प्रोग्रॅमला सर्व्हरचं ग्राफिक्स कार्ड वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) जातं, आणि व्हर्च्युअल-जीएल त्याच्या नेहमीच्या पद्धतीत ग्राफिक्स कार्डाला जोडलेल्या मूळ डिस्प्लेशी, बहुधा :० क्रमांकाच्या डिस्प्लेशी, आणखी एक कनेक्शन उघडतं. घरं नऊ वेगवेगळी, पण पाण्याची टाकी एकच. भरते ती टाकी, आणि लोक शोधत बसतात आपापल्या घरातले नळ.

तिसरं लहानसं. व्हीएनसी व्ह्यूअर, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरचा बघण्याचा प्रोग्रॅम, एक्स क्लायंट नसतो. किती जण व्ह्यूअर उघडून बघतायत याचा या मर्यादेशी संबंध नाही.

## १. तयारी: रिस्टार्ट करू नका, दुसऱ्या दाराने आत जा

रिस्टार्टने पुरावा जातो. कोण किती कनेक्शन्स धरून बसलं होतं हे फक्त बिघाड चालू असतानाच कळतं.

दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने साध्या टर्मिनलमध्ये लॉगिन करा. अडलेल्या डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमधून काम करू नका. सुडोचा, म्हणजे प्रशासक म्हणून कमांड चालवण्याचा, अधिकार असलेलं खातं घ्या. का ते पाचव्या पायरीवर कळेल. लोकांना दोनच गोष्टी सांगा: चालू काम सेव्ह करा, आणि तोवर नवीन काही उघडू नका. बिघाडाची वेळ आणि आलेला संदेश जसाच्या तसा लिहून ठेवा.

सावध: एक्सएलएसक्लायंट्स, एक्सरेसटॉप, एक्सडीपीवायइन्फो, एक्सकिल ही सगळी साधनं स्वतः डिस्प्लेशी कनेक्शन मागतात. जागा संपलेली असताना तीही त्याच संदेशाने परत फिरतात. ‘साधनच चालत नाही, म्हणजे सर्व्हर बिघडलाय’ असा निष्कर्ष काढून इथेच अनेक जण रिस्टार्टचं बटण दाबतात. साधन ठीक आहे, फक्त त्यालाही बसायला खुर्ची नाही.

## २. संदेश पूर्ण वाचा

‘डिस्प्ले उघडत नाही’ हे फक्त लक्षण. कारण बहुधा त्याच्या आधीच्या शब्दांत असतं, आणि ते वाचायचा कंटाळा केला की पुढचा अर्धा दिवस वाया जातो.

‘मॅक्सिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड’ असं स्पष्ट असेल तर हा लेख तुमच्याच कामाचा. हा संदेश बऱ्याचदा पुढच्या ‘एरर’ किंवा ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ला मध्ये जागा न सोडता चिकटून येतो, म्हणून नजरेतून निसटतो. व्हर्च्युअल-जीएलमधून चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत चौकटी कंसातल्या ‘व्हीजीएल’नंतर ‘कुड नॉट ओपन डिस्प्ले :०’ असंही दिसतं. या ओळीवरून डिस्प्ले कुठला ते कळतं, पण कारण कळत नाही. ते मोजूनच ठरवावं लागेल.

बाकीचे पाहुणे ओळखून बाजूला काढा:

‘नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड’ किंवा ‘इनव्हॅलिड एमआयटी मॅजिक कुकी’: ही परवानगीची अडचण. एक्सऑथची कुकी, म्हणजे डिस्प्लेत शिरायची किल्ली, जुनी झालेली असते किंवा दुसऱ्या युजरच्या नावाने प्रोग्रॅम चालवलेला असतो. इथे ‘एक्सहोस्ट +’ मारून मोकळं व्हायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. देऊ द्या, ऐकू नका. त्याने तुमच्या स्क्रीनचं दार सगळ्यांना उघडं होतं, आणि क्लायंटची मर्यादा तिथल्या तिथेच राहते.

डिस्प्लेचं नाव रिकामं: प्रोग्रॅमला डिस्प्लेच सांगितलेला नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवलेल्या स्क्रिप्टमध्ये हे हमखास होतं.

एसएसएचच्या ‘-मोठा एक्स’ने फॉरवर्डिंग केलंय, उघडलेल्या खिडक्या चालू आहेत, पण साधारण वीस मिनिटांनी नवीन खिडकी उघडेनाशी होते: ही ‘फॉरवर्ड एक्स११ टाइमआउट’ नावाची एसएसएचची मुदत. मुळात ती २० मिनिटांची असते आणि अविश्वासू फॉरवर्डिंगला लागू होते. मर्यादेचा प्रश्नच नाही.

एक्सआरडीपी या दुसऱ्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हरमध्ये नव्या माणसाला सेशनच मिळत नाही, जुन्यांचं सगळं चालू: त्याची सेशन्स सांभाळणाऱ्या ‘सेसमॅन’च्या आयएनआय फाइलमधली ‘मॅक्स सेशन्स’ ओळ बघा. तिथे मुळात ५० असतं. ही मर्यादा सेशन्सची आहे, क्लायंट्सची नाही. दोन्हींची गल्लत फार होते.

## ३. कुठला डिस्प्ले भरलाय ते ठरवा

ज्याला अडचण आली त्याच्या सेशनमध्ये डिस्प्लेचं नाव काय आहे ते विचारा: इको आणि पुढे डॉलरचं चिन्ह लावून डिस्प्ले, सगळी अक्षरं मोठी. समजा उत्तर आलं :३. आता त्याच सेशनमध्ये घड्याळासारखा साधा, त्रिमितीय नसलेला प्रोग्रॅम उघडून बघा. एक्सक्लॉक पुरेसा आहे.

घड्याळ उघडलं पण मॉडेल उघडत नाही, तर :३ ठीक आहे आणि भरलाय तो :०. घड्याळही उघडत नाही, तर त्या माणसाचा स्वतःचा :३ भरलाय. हा एक मिनिटाचा प्रयोग न करता लोक चुकीच्या सर्व्हरची कॉन्फिग फाइल तासभर बदलत बसतात.

तपासणी: ‘:०’ हे गृहीत धरू नका. लॉगिन मॅनेजरप्रमाणे मूळ डिस्प्ले :१ वरही असू शकतो. चालू प्रोसेसच्या यादीत एक्स-ऑर्ग आणि एक्स-व्हीएनसी शोधा. प्रत्येकाच्या कमांड ओळीत बहुधा त्याचा डिस्प्ले क्रमांक दिसतो. पुढे मी :० धरून लिहितोय, तुम्ही तुमचा आकडा घाला.

## ४. मोजा

डिस्प्लेशी होणारं स्थानिक कनेक्शन युनिक्स सॉकेटवरून जातं. हे सॉकेट टीएमपी फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.एक्स११-युनिक्स’ फोल्डरमध्ये, डिस्प्लेच्या क्रमांकाने असतं. ते मोजायला डिस्प्लेची परवानगी लागत नाही, सॉकेटची यादी देणारी एसएस ही कमांड पुरते. एसएस म्हणजे एस हे अक्षर दोनदा:

एसएस -एक्स | ग्रेप -सी 'एक्स११-युनिक्स/एक्स० '

अवतरणातले दोन्ही एक्स मोठे. शून्यानंतर, अवतरण बंद करण्याआधी, एक रिकामी जागा आहे. ती सोडू नका. :० ला फरक पडणार नाही, पण :१ मोजताना ती जागा सुटली तर :१० ते :१९ हे सगळे त्यात मोजले जातात. एक्सआरडीपीची सेशन्स मुळात :१० पासून सुरू होतात, म्हणजे हा घोळ कागदावरचा नाही.

आकडा २५० च्या पुढे असेल तर निदान पक्कं. पन्नास-साठ असेल तर थांबा आणि दुसऱ्या पायरीवर परत जा. कारण वेगळं आहे. क्वचित असंही होतं की क्लायंट्स कमी असतात पण सर्व्हरच्या उघड्या फाइल्सची मर्यादा संपलेली असते. त्यासाठी प्रॉक फोल्डरमध्ये त्या सर्व्हरच्या पीआयडीखाली (प्रोसेसच्या क्रमांकाखाली) ‘लिमिट्स’ नावाची फाइल वाचा आणि ‘मॅक्स ओपन फाइल्स’ची ओळ बघा. तिच्याशी त्याच पीआयडीच्या ‘एफडी’ फोल्डरमधल्या नोंदींची संख्या ताडून पाहा.

## ५. कनेक्शन कुणी धरलंय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी पूर्ण चित्र फाइलमध्ये उतरवून घ्या:

सुडो एसएस -एक्स -पी > यादी

फाइलचं नाव काहीही ठेवा. सुडो विसरलात तर दुसऱ्यांच्या प्रोसेसची नावं येणार नाहीत, आणि अर्धवट यादीवरून तुम्ही भलत्याच माणसाला धराल.

या फाइलमध्ये :० च्या सॉकेटच्या ओळी ग्रेपने काढा. सगळ्या ओळींच्या शेवटी एक्स-ऑर्गचंच नाव दिसेल, आणि इथे लोक चक्रावतात: ‘सगळी कनेक्शन्स एक्स-ऑर्गनेच घेतली!’ तसं नाही. ही सर्व्हरच्या बाजूची टोकं आहेत. प्रत्येक ओळीत सॉकेटच्या पत्त्यानंतर एक आकडा येतो, मग चांदणी, मग दुसरा आकडा. तो दुसरा आकडा समोरच्या टोकाचा. तो उचलून त्याच फाइलमध्ये शोधा, म्हणजे आणखी एक ओळ मिळेल. तिच्या शेवटी खऱ्या प्रोग्रॅमचं नाव आणि पीआयडी असतो.

अडीचशे ओळी हाताने जुळवत बसू नका. यादीच्या वेगवेगळ्या भागांतून पंधरा उचला. गळती असेल तर पंधरात ती लपत नाही. मिळालेल्या पीआयडींची जन्मवेळ काढा:

पीएस -ओ पीआयडी,युजर,एलस्टार्ट,सीएमडी -पी आणि पुढे तो आकडा

आता समोर काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं.

एकच पीआयडी पुन्हा पुन्हा येतोय? तो प्रोग्रॅम कनेक्शन उघडतो आणि बंद करत नाही. कोडमध्ये ‘एक्स ओपन डिस्प्ले’ आहे, ‘एक्स क्लोज डिस्प्ले’ नाही. घरी लिहिलेल्या छोट्या साधनांत आणि प्लगइन्समध्ये हे सापडतं.

नाव तेच, पीआयडी वेगवेगळे, जन्मवेळा घड्याळ लावल्यासारख्या ठरावीक अंतराने? कुठली तरी स्क्रिप्ट प्रोग्रॅम सुरू करतेय आणि ते संपत नाहीत. माझ्यावर ही वेळ माझ्याच हाताने आली होती. सिम्युलेशनच्या निकालाचं चित्र दर पाच मिनिटांनी काढणारी स्क्रिप्ट मी क्रॉनमध्ये लावली होती, आणि एका रविवारी इनपुटचं फोल्डर हललं. चित्र काढणारा प्रोग्रॅम ‘फाइल सापडत नाही’ अशी खिडकी उघडून कुणी ओके दाबेल याची वाट पाहत बसला. रविवारी ऑफिसात ओके दाबायला कोण असणार? तासाला बारा, एकवीस तासांत दोनशे बावन्न. दुपारी बाराला सुरू झालेला तमाशा सोमवारी सकाळी नऊला, बरोबर लोक चहा घेऊन टेबलावर बसताना, पूर्ण झाला. त्या दिवशी मी आधी मर्यादा वाढवली असती तर सगळं आणखी एखादा दिवस टिकलं असतं, एवढाच फरक.

नावं वेगवेगळी, युजर वेगवेगळे, तारखा आठवड्यापूर्वीच्या? विसरलेली सेशन्स. पावसाळ्यात घरची लाइट गेली की लॅपटॉपवरचा व्ह्यूअर तुटतो, पण सर्व्हरवरचं सेशन आणि त्यातले प्रोग्रॅम जिवंत राहतात. व्हीएनसीचा हा गुणच आहे, काम वाया जात नाही. पण लाइट आल्यावर माणूस जुन्या सेशनला जोडून घेण्याऐवजी नवीन सेशन सुरू करतो, आणि जुन्यातली तीन मॉडेल्स :० वरच्या जागा धरून तशीच पडून राहतात.

तपासणी: ‘डिफंक्ट’ असं लिहिलेल्या प्रोसेस दिसल्या तर त्यांच्यामागे लागू नका. मेलेली प्रोसेस सॉकेट धरून ठेवत नाही.

## ६. जागा मोकळ्या करा, पण बेतानं

प्रोसेस संपली की तिचं कनेक्शन आपोआप सुटतं, वेगळं काही साफ करावं लागत नाही. ज्याची प्रोसेस आहे त्याला आधी फोन करा. मग साधं किल, म्हणजे ‘टर्म’ सिग्नल. दहा-पंधरा सेकंद थांबा. त्यानेही गेली नाही तरच किल -९. थेट -९ मारलं तर प्रोग्रॅमला अर्धवट फाइल नीट बंद करायची संधीच मिळत नाही, आणि सहा तास चाललेल्या सिम्युलेशनची शेवटची फाइल फाटली तर तुम्हाला सकाळची मिसळ गोड लागणार नाही.

विसरलेली व्हीएनसी सेशन्स व्हीएनसीसर्व्हर कमांडला ‘-लिस्ट’ लावून बघता येतात आणि ‘-किल’ लावून डिस्प्ले क्रमांकाने बंद करता येतात. ‘-लिस्ट’ फक्त त्या युजरची सेशन्स दाखवते, म्हणून ज्याचं त्याच्या खात्यातून चालवा.

दोन-चार जागा सुटल्या की एक्सरेसटॉप पुन्हा चालू लागतो. :० वर तो एकदा चालवून बघा. कोणता क्लायंट किती खिडक्या आणि चित्रं धरून आहे ते दिसतं, आणि बऱ्याच क्लायंट्सचा पीआयडीही. एक्सएलएसक्लायंट्सवर मात्र विसंबू नका. ज्यांची खिडकीच नाही असे क्लायंट तो दाखवत नाही, आणि आपले गुन्हेगार बहुधा तेच असतात.

सावध: टीएमपी फोल्डरमधली सॉकेटची फाइल उडवू नका. त्याने एकही जुनं कनेक्शन तुटत नाही. फक्त त्या फाइलमधून येऊ पाहणाऱ्या नव्या प्रोग्रॅमना दार सापडेनासं होतं.

पुन्हा मोजा. आकडा खाली आला नसेल तर तुम्ही चुकीचे पीआयडी मारले आहेत.

## ७. गळतीचं तोंड बंद करा

स्क्रिप्ट कारण असेल तर तिला दोन लगाम घाला. पहिला ‘टाइमआउट’: दर पाच मिनिटांनी चालणारं काम असेल तर चार मिनिटांनी ते मारलं जावं. दुसरा ‘एफलॉक -एन’: आधीची फेरी चालू असेल तर नवी सुरूच होऊ नये. दोन्ही साधनं सर्व लोकप्रिय लिनक्समध्ये मिळतात आणि दोन शब्दांचं काम आहे. शिवाय पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारणाऱ्या खिडक्या उघडू न देण्याचा बॅच मोड आहे का, हे त्याच्या माहितीपत्रात बघा.

विसरलेल्या सेशन्ससाठी तांत्रिक उपायांपेक्षा भिंतीवरचा कागद जास्त चालतो: ‘लाइट गेली तर जुन्याच नंबरला जोडा.’ एक्सआरडीपीत तुटलेली सेशन्स ठरावीक वेळाने बंद करायची सोय सेसमॅनच्या फाइलमध्ये आहे. पण रात्रभर सिम्युलेशन चालवणारे असतील तर ती लावण्याआधी दहादा विचार करा.

आणि :० वरची गर्दीच नको असेल तर व्हर्च्युअल-जीएलचा ईजीएल मार्ग बघा. आवृत्ती ३ पासून तो आला. त्यात प्रोग्रॅम मूळ डिस्प्लेशी कनेक्शन न उघडता थेट ग्राफिक्स कार्डाच्या डिव्हाइसशी बोलतो, म्हणजे सामायिक टाकीच मधून निघून जाते. व्हीजीएलरनला (प्रोग्रॅम व्हर्च्युअल-जीएलमधून चालवणाऱ्या कमांडला) ‘-डी ईजीएल’ लावून आधी व्हर्च्युअल-जीएलसोबत येणारा जीएलएक्सस्फिअर्स चालवा, मग तुमचा खरा प्रोग्रॅम. डिव्हाइसच्या परवानग्या नसतील तर व्हीजीएलसर्व्हर-कॉन्फिग पुन्हा चालवून ईजीएलचा पर्याय निवडावा लागेल. प्रत्येक प्रोग्रॅम या मार्गाने नीट चालेलच असं नाही, काहींना लागणाऱ्या जीएलएक्सच्या सोयी तिथे नसतात. म्हणून एकेक तपासून मगच सगळ्यांना द्या. माझं मत विचाराल तर नवीन सर्व्हर उभा करताना इथूनच सुरुवात करा.

## ८. आता मर्यादा वाढवा, खरंच लागत असेल तर

गळती नाही, विसरलेलं काही नाही, आणि तरीही कामाच्या वेळी आकडा रोज दोनशेच्या पुढे जातो? मग वाढवा. आकडा मनाला येईल तो चालत नाही: ६४, १२८, २५६, ५१२ असे दुपटीतलेच. नव्या आवृत्त्यांत याहून मोठेही चालतात. तुमच्या सर्व्हरच्या मॅन पेजवर ‘मॅक्सक्लायंट्स’समोर जे लिहिलेत तेच घ्या. ३०० लिहून बघू नका.

हे फुकट मिळत नाही. प्रत्येक खिडकी-चित्राला एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकांसाठी एकूण २९ बिट असतात. २५६ क्लायंट्सना ओळखायला त्यातले ८ लागतात, उरलेल्या २१ बिटांत प्रत्येक क्लायंटला सुमारे २० लाख ९७ हजार क्रमांक मिळतात. ५१२ केलेत की हा वाटा निम्मा, १० लाख ४८ हजार. रोजच्या कामाला तो भरपूर आहे, पण ‘जास्तीत जास्त करून ठेवू’ हा विचार इथे नको.

कुठे लिहायचं हे डिस्प्ले कुठल्या जातीचा आहे त्यावर ठरतं, आणि या पायरीवरची सर्वांत मोठी चूक इथेच होते.

मूळ एक्स-ऑर्ग, म्हणजे :०. ईटीसी फोल्डरमधल्या मोठ्या एक्सने लिहिलेल्या एक्स११ फोल्डरात ‘एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’ फोल्डर नसेल तर तयार करा. त्यात ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल, फाइलमध्ये ‘सर्व्हरफ्लॅग्ज’ नावाचा सेक्शन, त्यात ऑप्शन ‘मॅक्सक्लायंट्स’ आणि किंमत ‘५१२’, मग एंडसेक्शन. नाव आणि किंमत दोन्ही अवतरणात. लाइटडीएम असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये एक्ससर्व्हर-कमांडच्या ओळीला -मॅक्सक्लायंट्स ५१२ जोडूनही चालतं.

व्हीएनसीचं सेशन. वरची फाइल इथे काहीही करत नाही. एक्स-व्हीएनसी एक्स-ऑर्गची कॉन्फिग वाचतच नाही. सेशन सुरू करताना व्हीएनसीसर्व्हर कमांडला -मॅक्सक्लायंट्स ५१२ जोडा.

एक्सआरडीपी. सेसमॅनच्या आयएनआय फाइलमधल्या एक्सऑर्ग विभागात ‘पॅराम’च्या ओळींच्या शेवटी दोन ओळी वाढवा: एकीत -मॅक्सक्लायंट्स, दुसरीत ५१२. दोन्ही एकाच ओळीत लिहिलंत तर सर्व्हर तो एकच न समजणारा शब्द मानेल. बदल नव्या सेशन्सनाच लागतो.

सावध: :० चा बदल लागू व्हायला लॉगिन मॅनेजर रिस्टार्ट करावा लागतो. त्यात लोकांचे व्हीएनसी डेस्कटॉप जिवंत राहतात, म्हणून ‘काही होणार नाही’ असं वाटतं. पण व्हर्च्युअल-जीएलच्या नेहमीच्या मार्गाने :० ला जोडलेला प्रत्येक त्रिमितीय प्रोग्रॅम त्याच क्षणी मरतो. डेस्कटॉप समोर, मॉडेल गायब. हे काम सुटी झाल्यावर, सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून करा.

## ९. खात्री करा आणि पाळत ठेवा

एक्स-ऑर्ग सुरू होताना लॉगमध्ये स्वतःच लिहितो: ‘मॅक्स क्लायंट्स अलाउड’, पुढे आकडा, पुढे रिसोर्स मास्क. लॉग व्हार-लॉग फोल्डरात किंवा ज्या युजरने सर्व्हर सुरू केला त्याच्या होममधल्या ‘.लोकल’ फोल्डरच्या आत मिळेल. तिथे ५१२ दिसायला हवं. अजून २५६ दिसत असेल तर फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.कॉन्फ’ आहे का ते बघा, मग अवतरणं. व्हीएनसी आणि एक्सआरडीपीसाठी पीएसने सर्व्हरची पूर्ण कमांड ओळ पाहा. तिच्यात -मॅक्सक्लायंट्स दिसलं पाहिजे.

ताण देऊन बघायचं असेल तर चाचणीसाठी वेगळं व्हीएनसी सेशन उघडा, त्यात लूपने तीनशे एक्सक्लॉक सुरू करा आणि चौथ्या पायरीच्या कमांडने मोजा. लोक काम करत असलेल्या :० वर हा खेळ करू नका.

शेवटी एक क्रॉन: दर दहा मिनिटांनी तारीख आणि मोजणीचा आकडा एका फाइलमध्ये जोडायचा, आकडा दोनशेच्या वर गेला की मेल पाठवायचा. मोजणी एसएसनेच करा. पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक्सएलएसक्लायंट्स घातलं, तर नेमकी जागा संपल्यावर तीच आंधळी होते. आठवडाभराने ती फाइल उघडा. आकडा सकाळी चढून संध्याकाळी उतरत असेल तर ती लोकांच्या कामाची वर्दळ. रात्री, रविवारी, कुणी नसतानाही जिन्यासारखा एकेक पायरी चढत असेल तर पाचव्या पायरीवर परत जा. त्या वेळी सर्व्हर अजून भरलेला नसतो, त्यामुळे एक्सरेसटॉपही चालतो आणि शोध अर्ध्या वेळात संपतो.